गोष्ट सांगायला बसले की नातू उठून दार उघडतो

चिपळूणची_बाई | १७ एप्रिल, रात्री १०:०५

नमस्कार. लेकीनं फोनवर बोलून टाइप करायची सोय लावून दिली आहे, तेव्हा कुठे भलतंच काही उमटलं असेल तर समजून घ्या.

मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. गोष्ट सांगण्यात मला कुणी हरवलेलं नाही. पुढे स्वतःची फजिती सांगायची आहे, म्हणून ही फुशारकी आधीच मारून घेते.

नातू साडेसहा वर्षांचा, लेकीचा मुलगा. डोंबिवलीला असतो. साडेतीनाचा असताना ऑटिझमचं निदान झालं. एका शाळेनं गोड बोलून वाटेला लावलं, आता जूनपासून दुसऱ्या शाळेत पहिलीत बसणार आहे. तोवर दोन महिने माझ्याकडे. लेक-जावई पंधरा दिवसांनी येऊन जातात.

बोलतो. पण बोलतो ते रेल्वेसारखं. भूक लागली की "पुढील स्टेशन, ठाणे" म्हणतो. लेकीनं शोधून काढलं की कधीतरी ठाण्याला उतरल्यावर त्याला इडली मिळाली होती. माझ्याकडे सावंतवाडीच्या गाडीनं येतो, त्यामुळे कोलाड, माणगाव, वीर, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, खेड, अंजनी, चिपळूण हे तोंडपाठ. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ही माळ दहा वेळा जपतो. मी आपली बाजूला बसून वाती वळते. आमचं बरं चाललेलं असतं.

परवा लाइट गेले. वाडीतली चार पोरं ओटीवर जमली. अंधार, पोरं आणि मी, म्हणजे गोष्ट आलीच. त्याच्यासाठी म्हणून मुद्दाम सोपी घेतली, चिऊकाऊची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, मोठा पाऊस आला, सगळं रीतसर झालं. मी कावळ्याच्या आवाजात म्हटलं, "चिऊताई चिऊताई, दार उघड." तर हा उठला आणि जाऊन पुढचं दार उघडून आला.

पोरं मेली हसून लोळली. मी त्याला बसवला. "अरे, ही गोष्ट आहे, खरं दार नाही." परत "दार उघड" आलं, तेव्हा गेला आणि मागचं दार उघडलं. तिसऱ्या खेपेला फडताळ. मग मी दारं लावून घेतली आणि चिमणी "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते" म्हणाली, तर हा रडायलाच लागला आणि स्वतःचं मनगट चावलं. गोष्ट तिथेच थांबवली. रात्रभर मला झोप नाही.

दुसरी गोष्ट खेळाची. पोरं खळ्यात शिवणापाणी खेळतात, हा गडग्याला टेकून बघतो. पोरं मनानं चांगली आहेत, त्यांनी होऊन याला लिंबूटिंबू करून घेतलं. हा दोन फेऱ्या धावला आणि मग शेजारच्या घराची कौलं मोजत उभा राहिला. त्याला ढकलू की राहू देऊ?

डॉक्टरांच्या कागदावर "सोशल स्किल्स वाढवणे" असं लिहिलं आहे. ते वाढवायचं म्हणजे माझ्या खळ्यात सकाळी उठून नक्की काय करायचं, हे कुणी सांगेल का?

---

सुखी_माणूस | १७ एप्रिल, रात्री ११:३१

आजी, काळजी करू नका. टीव्ही आणि मोबाइल पूर्ण बंद करा, सगळं सुरळीत होतं. आमचा भाचा पाच वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, आता कुणाचं ऐकून घेत नाही.

---

चिपळूणची_बाई | १८ एप्रिल, सकाळी ६:१०

टीव्ही घरात नाही. २०२१ च्या पुरात गेला तो परत घेतलाच नाही. भाच्याला आशीर्वाद.

---

बोलाचीच_कढी | १८ एप्रिल, दुपारी २:१५

आजी, मी स्पीच थेरपिस्ट आहे, मुलांबरोबरच काम करते. मूल न बघता उपचार सांगता येत नाहीत, पण तुम्ही गोष्ट सांगण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे, ओटीवर पाच मुलं होती. कावळा भिजत होता. पाचांतल्या एकानंच उठून काही केलं. त्याला आपण बसवलं. रागावू नका, मीही कदाचित तेच केलं असतं. पण गोष्टीला त्यानं दिलेला तो प्रतिसाद होता. पुढच्या वेळी त्याला उघडायला दार द्या. चपलांच्या खोक्याला कापून दार करा, आत चिमणी ठेवा. कावळा म्हणून काहीही चालेल, काळा मोजासुद्धा.

आता "थांब". या मुलांना थांबण्याचा त्रास होतो असं सरसकट म्हणतात. माझा अनुभव असा की पुष्कळदा त्रास असतो तो थांबणं कधी संपणार हे न कळण्याचा. चिमणी "थांब" म्हणते आणि कावळ्याला काहीच सांगत नाही. तुम्ही तीन चित्रं काढा : आंघोळ, तीट, झोप. ओळीनं मांडा. एक झालं की पालथं घाला. सगळी पालथी झाली की दार उघडणार. प्रत्येक वेळी, न चुकता. मग त्याला दिसेल की अजून दोन उरली, अजून एक.

तिसरं तुम्हाला सगळ्यात जड जाईल, कारण तुम्ही बाई होतात. गोष्टीत गप्प बसा. "चिऊताई चिऊताई" इतकंच म्हणा आणि पुढचे शब्द गिळा. मनात दहापर्यंत मोजा. चेहऱ्यावर "आता तू म्हण" असं काही आणू नका. तो म्हणेल, हात हलवेल, नुसता तुमच्याकडे सरकेल, जे करेल ते त्याची पाळी म्हणून धरा. काहीच केलं नाही तर तुम्हीच पूर्ण करून पुढे चला. आणि "मग कावळा काय म्हणाला? सांग बघू" हा प्रश्न विचारायचा नाही. ती परीक्षा झाली.

झोपाळ्याचं चाललंय ते तसंच चालू द्या. पुष्कळ मुलांना झोके घेताना ऐकणं सोपं जातं. त्याच्या माळेत मधूनच एखादं स्टेशन तुम्ही म्हणा, शिकवायला म्हणून नाही, सोबत म्हणून.

"पुढील स्टेशन, ठाणे" हे बोलणंच आहे. ऐकलेलं अख्खं वाक्य उचलून ते आपल्या कामाला लावणं, याला इकोलालिया म्हणतात. "नीट बोल" म्हणू नका. ताट वाढताना त्याच्या बाजूनं म्हणा, "भूक लागली. खायचं." कधीतरी तो तेही उचलेल.

---

कृष्णाकाठची_आई | १८ एप्रिल, रात्री ९:५०

वरच्या ताईंचं बहुतेक पटलं, एक सोडून. माझा मुलगा आता १७ वर्षांचा आहे. लहानपणी गोष्टीत "दिवा लाव" आलं की तो उठून दिवा लावायचा. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा किती कणव आहे, गोष्टीतल्या आजीला अंधारात दिसत नव्हतं ना! तसं नव्हतं. शब्द ऐकला की काम करायचं, इतकंच होतं. तेही काही कमी नाही, पण आपल्याला हवा तो अर्थ मी लावला आणि त्याला खरोखर कुठे अडतंय ते बघायचं राहून गेलं. आजी, दार कशासाठी उघडलं ते आत्ताच ठरवू नका.

आता माझ्या उपयोगी पडलं ते. सोशल स्टोरी म्हणून एक प्रकार असतो. अमेरिकेत मिशिगनमध्ये कॅरोल ग्रे नावाच्या शिक्षिकेनं १९९१ च्या सुमारास तो सुरू केला. मुलाला जो प्रसंग कळत नाही, त्याच्यावर चार-सहा ओळींची गोष्ट त्याच्याच बाजूनं लिहायची. तिथे काय असतं, कोण काय करतं, का करतं. "काय कर" असं सांगणारी वाक्यं अगदी थोडी आणि माहिती देणारी त्याच्या निदान दुप्पट. "तू" वापरायचं नाही, "मी" किंवा "तो".

मी पहिली लिहिली ती न्हाव्याच्या दुकानाची. "केस कापताना अजिबात दुखत नाही. तू शहाण्यासारखा बसशील. तू ओरडणार नाहीस." ही गोष्ट नव्हे, हा हुकूम. वर खोटा. मशिन मानेला लागल्यावर त्याला झिणझिण्या येतात, त्याच्या दृष्टीनं ते दुखणंच. माझ्या गोष्टींवरचा त्याचा विश्वास गेला तो सहा महिने परत आला नाही. कागद दिसला की फाडायचा.

नंतर लिहिली ती अशी :

"माझे केस वाढतात. सगळ्यांचे वाढतात. बाबा आणि मी दुकानात जातो. तिथे मशिनचा आवाज होतो. मानेला मशिन लागलं की मला झिणझिण्या येतात. दादा मागचे केस कात्रीनं कापू शकतात. मी हात वर केला की दादा थांबतात. केस कापून झाले की आम्ही उसाचा रस पितो."

यात हात वर केला की थांबतात हे नुसतं लिहून भागत नाही. आदल्या दिवशी जाऊन त्या न्हाव्याशी बोलून आले. तो म्हणाला, "वैनी, मग मोठ्या माणसांनाबी ही सोय ठेवतो."

आणखी एक. ग्रेबाईंचं म्हणणं असं की निम्म्या गोष्टी तरी मुलाला जे आधीच छान येतं त्यावर लिहाव्यात. हे मला फार उशिरा कळलं. माझ्या मुलाच्या लेखी गोष्ट म्हणजे आईची तक्रार, असं समीकरण झालं होतं.

---

किल्लेदार_नाशिक | १९ एप्रिल, सकाळी ११:२०

माझी धाकटी आठ वर्षांची, ऑटिझम आहे. गोष्टींत ती रमत नाही, बांधण्यात रमते. लेगोचे ठोकळे घेऊन असा एक गट चालवतात : एकानं चित्र बघून सांगायचं, दुसऱ्यानं तुकडे शोधून द्यायचे, तिसऱ्यानं जोडायचं, मग पाळ्या बदलायच्या. डॅनियल लगॉफ या मानसतज्ज्ञाच्या दवाखान्यात दोन मुलं बाहेर बाकावर वाट बघत बसली असताना लेगो घेऊन आपसात खेळू लागली, त्यावरून त्याला हे सुचलं. त्याचा पहिला अभ्यास २००४ चा.

आम्ही ते दिवाळीच्या किल्ल्याला लावलं. ठोकळे महाग, माती फुकट. धाकटी चित्र बघून सांगते, "बुरूज डावीकडे." थोरला चुकला तर खवळते, पण किल्ला अडकून पडतो म्हणून तिला परत सांगावंच लागतं. थोरल्यालाही नीट विचारावं लागतं. दोघं भांडतात, पण किल्ल्यावरून भांडतात. पूर्वी तेही नव्हतं.

---

खिडकीपाशी | २० एप्रिल, रात्री १:१२

मी २७ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो, ऑटिस्टिक आहे. निदान विसाव्या वर्षी झालं, म्हणजे लहानपणी मी नुसता विचित्र होतो.

लिंबूटिंबूबद्दल लिहितो, कारण मी पाच वर्षं लिंबूटिंबू होतो. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही. तो बादही होत नाही. थोडक्यात तो खेळात नसतो, फक्त त्याच्या आईला खेळात दिसतो. तुमच्या नातवानं कौलं मोजली ते ठीक केलं, तिथे निदान उत्तर येतं.

मला खेळात पहिली खरी जागा मिळाली ती लगोरीत. दगड रचायला. सात चपटे दगड घाईत न पाडता रचणं इतर पोरांना जमत नव्हतं, मला जमायचं. मग दोन्ही बाजूंना मी हवा असायचो. आजी, त्याला असं काम द्या की जे त्याच्याशिवाय अडेल. किल्लेदारांच्या घरचा किल्ला अडतो, तसं.

शिवणापाणी त्याच्यासाठी वाईट खेळ आहे. पाठीमागून, कधी, कुठे हात लागेल ते कळत नाही. मला तो हात अंगावर पाल पडल्यासारखा वाटायचा. कमरेला रुमाल खोचून तो ओढायचा असं केलं तर मी खेळू शकलो असतो, पण हे मला विसाव्या वर्षी सुचलं.

टाइमप्लीज मात्र त्याला आवर्जून शिकवा. जगातला सगळ्यात उत्तम सामाजिक नियम आहे. मूठ चाटून टाइमप्लीज म्हटलं की तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही, कारण विचारत नाही, आणि तुम्ही खेळातून बाहेरही जात नाही. मोठेपणी असं काही का नसतं? ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी अजून मनातल्या मनात मूठ चाटतो. त्याला बोलता आलं नाही तर नुसती मूठ दाखवली तरी चालेल, असं पोरांशी ठरवून घ्या.

कणव आहे की नाही या वादावर. १९८५ साली लंडनमध्ये दोन बाहुल्यांचा खेळ करून एक चाचणी घेतली. एक बाहुली गोटी टोपलीत ठेवून जाते, दुसरी ती हलवते, पहिली परत आल्यावर कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ चुकली. तेव्हापासून आम्हाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हे पक्कं झालं. बरोबर आलेल्या चौघांना फारसं कुणी विचारत नाही. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या इंग्लंडमधल्या अभ्यासकानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, म्हटलं की हे न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. आम्हाला तुमचं कळत नाही आणि तुम्हाला आमचं. मला लहानपणी सगळ्यांनी शिकवलं. वाड्यातल्या पोरांना माझ्याबद्दल कुणी काही शिकवलं नाही. तुमच्याकडे गोष्ट सांगायची ताकद आहे ना, मग एक गोष्ट त्या चार पोरांसाठी पण करा.

आणि डोळ्यांत बघ, असं त्याला म्हणू नका. मला बघायचं किंवा ऐकायचं, यांपैकी एकच जमतं.

---

चिपळूणची_बाई | २० एप्रिल, सकाळी ५:५०

रात्री एकला लिहिलंत, झोपत जा वेळेवर.

सगळं दोनदा वाचलं. ३४ वर्षं मी "मग कावळा काय म्हणाला?" हेच विचारत आले, आणि वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी दोन-तीन पोरं दरवर्षी असायची. आता ती आठवायला लागली आहेत. असो.

खोका शोधते.

---

चिपळूणची_बाई | ९ जून, रात्री ९:४०

दीड महिना फिरकले नाही, माफ करा. आंबे, फणस, पाहुणे. आता सांगते.

खोक्याचं दार चाललं नाही. त्यानं पहिल्याच दिवशी दार उपटून त्याची गाडी केली. तेव्हा मी म्हटलं, बये, गाडीच तर गाडी. चिऊकाऊ ठेवून दिले आणि म्हातारी-भोपळ्याची गोष्ट घेतली. म्हातारी लेकीकडे निघते ना, तर ती भोपळ्यातून न जाता सावंतवाडीच्या गाडीनं निघाली. दर स्टेशनावर एकेक जनावर. वीरला वाघ, विन्हेऱ्याला कोल्हा, खेडला अस्वल. खळ्यात चुन्यानं रूळ आखले, पाट्यांवर स्टेशनांची नावं लिहिली. जनावरं म्हणजे वाडीतली पोरं. म्हातारी मी, वेगळं सोंग घ्यावं लागलं नाही. आणि स्टेशनमास्तर हा. हिरवं निशाण माझ्या जुन्या लुगड्याचं, लाल गमछाचं. त्यानं हिरवं दाखवल्याखेरीज गाडी हलायची नाही. खिडकीपाशी बसणाऱ्या बाळा, तुम्ही सांगितलंत तसं, त्याच्याशिवाय अडेल असं काम.

त्याआधी पोरांना एका दुपारी खोबऱ्याच्या वड्या देऊन बसवलं आणि त्यांची गोष्ट सांगितली. एका गावात एक मुलगा होता, त्याच्या कानात सगळे आवाज एकदम शिरायचे. पंखा, कुत्रा, आई, मिक्सर, सगळे एकाच आवाजात. पोरांना म्हटलं, आता सगळे एकदम मोठ्यानं बोला, मी हळूच तुम्हाला काहीतरी सांगते, कळतंय का बघा. कुणाला कळलं नाही. सगळ्यांत दांडगा आहे तो आठ वर्षांचा, तो म्हणाला, "म्हणून तो कौलं मोजतो काय?" मी काही शिकवलं नव्हतं हो.

पहिले चार दिवस फार छान गेले. पाचव्या दिवशी यानं विन्हेऱ्याला लाल निशाण धरलं ते चाळीस मिनिटं. हिरवं दाखवेचना. मी टोपलीत बसून पाय आखडले. पोरं कंटाळली, एकेक करून घरी गेली. हा एकटा लाल निशाण धरून उभा. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. लेकीला फोन करून म्हटलं, जमत नाही गं मला.

दुसऱ्या दिवशी परत तेच व्हायला लागलं. तेव्हा तो दांडगा पुढे झाला आणि म्हणाला, "मास्तर, क्रॉसिंग आहे काय?"

कोकणातल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी रूळ एकेरी आहे. समोरून गाडी येणार असली की आपली बाजूला उभी करतात. ती गेली की आपली सुटते. हा त्या गाडीनं किती वेळा आला आहे, विन्हेऱ्याला किती वेळा खोळंबला आहे! त्यानं दांडग्याकडे बघितलं नाही, पण म्हणाला, "क्रॉसिंग." दांडगा पळत जाऊन खेडहून उलटी गाडी होऊन आला, शिट्टी मारत याच्या बाजूनं गेला. लगेच हिरवं निशाण.

थेरपिस्टताई, तुम्ही थांबणं कधी संपतं ते दिसायला हवं म्हणालात ना, ते आमच्याकडे रेल्वेनं आधीच करून ठेवलं होतं, मला बाईला दिसलं नाही. आता घरात सगळ्याला क्रॉसिंग आहे. मी न्हाणीघरात असले तर हा दाराबाहेर उभा राहून म्हणतो, "क्रॉसिंग." मी आतून म्हणते, "हो, दोन तांबे उरले." मग उभा राहतो. पूर्वी दार बडवायचा.

टाइमप्लीज मूठ दाखवून चालू आहे. तो कमी वापरतो, बाकीचीच जास्त. एका पोरीनं तर तिची आई अभ्यासाला बोलवायला आली तेव्हा आईला मूठ दाखवली. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

सोशल स्टोरी लिहिली, दोन. एक वड्याच्या पिठाला हात न लावण्याची, ती फसली. दुसरी "मला सगळी स्टेशनं येतात" अशी. ती उशाशी घेऊन झोपतो.

सगळं गोड झालेलं नाही. नवीन पोर आलं की हा अजून गडग्याशी जातो. परवा लग्नाला नेला, तिथे बँड वाजल्यावर टेबलाखाली बसला, तर मीही खाली बसले. नातेवाइकांनी काय ते बोलून घेतलं.

आता दाराचं. काल संध्याकाळी पाऊस आला. मोठा. लाइट गेले, पोरं भिजून ओटीवर आली. त्यांनीच म्हटलं, चिऊकाऊची सांगा. माझ्या पोटात गोळा आला, पण सुरू केली. चिमणीनं "क्रॉसिंग आहे रे" म्हणायचं, असं आता ठरलेलंच. कावळा आला. मी म्हटलं, "चिऊताई चिऊताई." आणि गिळलं. मोजायला लागले. सातवर एक पोर कुजबुजायला गेलं, त्याला चिमटा काढला. नऊवर हा म्हणाला, "दार उघड."

म्हणाला आणि उठला, आणि दार उघडलं. पाऊस सपकन आत. कुणी हसलं नाही. दांडगा म्हणाला, "आला रे कावळा आत, आता लाव." यानं दार लावलं, कडी घातली आणि येऊन बसला. दांडग्याच्या शेजारी. पूर्वी माझ्या पलीकडे बसायचा.

कृष्णाकाठच्या बाई, कणव होती की शब्दाला काम होतं, ते मी ठरवलेलं नाही. ओटी भिजली होती ती पुसून घेतली.

आता विचारायचं ते. पुढच्या आठवड्यात तो डोंबिवलीला जाणार. शाळेच्या बाईंना देण्यासाठी मी एक पान लिहिते आहे. एकच पान, कारण साठ पोरांचा वर्ग सांभाळलेल्या मला ठाऊक आहे, बाई दुसरं पान वाचत नाहीत. पहिल्या ओळीत लिहिलं आहे : "पुढील स्टेशन, ठाणे म्हणजे त्याला भूक लागली आहे." दुसऱ्या ओळीत काय लिहू?

---

खिडकीपाशी | ९ जून, रात्री ११:५८

मूठ दाखवली तर त्याचा अर्थ काय, ते. आणि तेव्हा "का?" विचारू नका, हे त्याच ओळीत.

(आज बाराच्या आत लिहिलं.)